‘ब्लूत्र्युक्समोलिंग’ नेमकं कुठे तोडायचं? नॉर्वेतल्या एका मराठी परिचारिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नॉर्वेत म्योसा हा देशातला सगळ्यात मोठा तलाव. त्याच्या काठच्या एका लहान शहरात नगरपालिकेचं ‘स्यूकेयेम’ आहे. वृद्धाश्रम म्हटलं तर चुकीचं चित्र उभं राहील. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, शस्त्रक्रियेनंतर घरी जाण्याइतकी ताकद न आलेल्या वृद्धांचं ते शुश्रूषागृह. तिथे मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एका मराठी बाईंचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. हॉस्पिटलात आपण हाक मारतो तसं त्यांना सिस्टरच म्हणू.

सिस्टरचं नर्सिंगचं शिक्षण पश्चिम महाराष्ट्रातलं, त्यानंतर पुण्यात अतिदक्षता विभागातला अनुभव. नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्वेत आल्या. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर शिकलेल्या परिचारिकेला इथे परवाना हवा असेल तर बी२ पातळीचं (युरोपीय भाषा-मोजपट्टीवर बी१च्या वरची पायरी) नॉर्वेजियन यावं लागतं, शिवाय ठरलेले काही अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. तोवर परिचारिका म्हणून सही करता येत नाही, मदतनीस म्हणून काम करता येतं. सिस्टर तेच करत होत्या. भाषेच्या सरकारी परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण आणि तोंडी अशा चारही भागांचा निकाल वेगवेगळा लागतो. त्यांचे तीन भाग बी२ला होते. तोंडी बी१वर अडकलं होतं.

मी इथे प्रौढांना नॉर्वेजियन शिकवते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, “ताई, मला शब्द येतात, पण मी बोललेलं यांना कळत नाही.”

एक खुलासा करून ठेवते. खाली नॉर्वेजियन शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाऊन लिहिले आहेत. उभी रेघ म्हणजे दोन पदांमधला सांधा. ‘त्र्युक’ किंवा ‘स्यूके’ यांतला ‘यु’ म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘इ’. त्याला आपल्याकडे अक्षर नाही.

अडचण

पाळी बदलताना जाणारे लोक येणाऱ्यांना प्रत्येक रुग्णाची हकिगत सांगतात. त्याला ‘रापॉट’ म्हणतात. सिस्टरची पंचाईत नेमकी तिथे व्हायची. रोजच्या गप्पा, चहा, हवामान, मुलांच्या शाळा यांत काही अडत नसे. कागदावरची काळजी-योजना वाचून दाखवायची वेळ आली की समोरचे पुढे झुकायचे आणि “वा सा दू?” म्हणायचे. काय म्हणालीस?

एक उदाहरण जवळून पाहू. रक्तदाब मोजणं याला शब्द आहे ब्लू|त्र्युक्स|मोलिंग. ‘ब्लू’ म्हणजे रक्त (लिहिताना शेवटी ‘द’ असतो, म्हणताना नसतो), ‘त्र्युक’ म्हणजे दाब, ‘मोलिंग’ म्हणजे मोजणं. सिस्टर म्हणायच्या ‘ब्लोड-ट्रिक-स्मो-लिंग’. चार तुकडे, चारही सारख्या वजनाचे. त्यात ‘स्मो’ हा नॉर्वेजियनमधला स्वतंत्र शब्द, अर्थ लहान, बारीक. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी ‘बारीक काहीतरी’ येतं आणि मग तो मागे जाऊन शब्द जुळवू लागतो. तोवर सिस्टर पुढच्या रुग्णावर गेलेल्या असायच्या.

औषधांच्या कपाटाचंही तसंच. मेदिसीन|स्काप: औषध आणि कपाट. सिस्टरनी त्यात ‘मेदिसिन्स्क’ हा ओळखीचा शब्द पाहिला, म्हणजे ‘वैद्यकीय’, आणि उरलेलं ‘आप’ कसंबसं जोडून दिलं. नवीन आलेली मदतनीस मुलगी बराच वेळ विचार करत उभी राहिली, मग इंग्रजीत विचारलं.

प्रकरण वरपर्यंत गेलं ते फोनमुळे. एका संध्याकाळी एक आजी पडल्या. नॉर्वेत तातडीची पण जिवावर न बेतलेली गोष्ट असेल तर ११६ ११७ या क्रमांकावर ‘लेगेवाक्त’ला, म्हणजे कर्तव्यावरच्या डॉक्टरांच्या कक्षाला फोन करतात. मांडीच्या हाडाच्या मानेशी मोड असल्याची शंका होती. पलीकडच्या बाईंना शब्द कळेना. दुसऱ्यांदा सिस्टरनी आणखी सावकाश, आणखी तोडून सांगितला. तिसऱ्यांदा सहकारी मुलीने फोन हातात घेतला. आजींवर उपचार वेळेत झाले, कुणाचं नुकसान झालं नाही. तरी विभागप्रमुखांनी सिस्टरना बोलावून घेतलं आणि उच्चारांसाठी मदत घ्या असं सांगितलं. त्या सौम्यपणे बोलल्या होत्या. पण अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या बाईच्या हातून फोन काढून घेतला जाणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

आधी तपासून पाहिलं ते

उच्चारासाठी आलेल्या माणसाला लगेच जिभेचे व्यायाम द्यायची रीत आहे. मला आधी हे पाहायचं होतं की अडतंय कुठे. सिस्टरच्याच विभागातल्या कागदांवरून रुग्णांची माहिती वगळून पन्नास-साठ लांब शब्द काढले. पहिल्या फेरीत ते जसे छापतात तसे, सलग. दुसऱ्या फेरीत त्यांची पदं सुटी करून, उलटसुलट क्रमाने. तिसऱ्या फेरीत पुन्हा सलग, पण सांध्यावर पेन्सिलची उभी रेघ मारून. तिन्ही फेऱ्या फोनवर रेकॉर्ड केल्या.

सुटी पदं जवळजवळ सगळी नीट आली. ‘मोलिंग’ उत्तम, ‘स्काप’ उत्तम. रेघ मारलेली यादीही बरीच सुधारली. घसरण होती ती पहिल्या फेरीत, जिथे सांधा स्वतः शोधायचा होता. मग तिसऱ्या फेरीत उरलेल्या चुका वेगळ्या काढल्या, तर त्या सगळ्या एकाच घरातल्या निघाल्या: पहिलं पद आखडायचं आणि जोर दुसऱ्यावर जायचा.

या दुसऱ्या गोष्टीचं मूळ मराठीत आहे असं माझं मत. आपल्याकडे समास झाला की पहिलं पद अंग चोरतं. फूल, पण फुलपाखरू. पाणी, पण पाणघोडा. घोडा, पण घोडदौड. दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो किंवा शेवटचा स्वर गळून पडतो, आणि हे आपण न शिकवता करतो. नॉर्वेजियनमध्ये उलटं आहे. पहिलं पद आपली लांबी सोडत नाही आणि शब्दाचा मुख्य आघातही त्याच्यावरच येतो. पुढच्या पदावर दुय्यम. गाडीला ‘बील’ म्हणतात, स्वर लांब. गाडीच्या टायरला बील|देक. सांधा दिसला नाही तर डोळे आधी ‘बिल्दे’ वाचतात, म्हणजे चित्र, तिथे स्वर आखूड आहे आणि ‘ल’ लांब. एकच ओळ अक्षरं, पण तोडायची जागा हलली की स्वराची लांबी हलते.

आणि लांबी ही इथे शोभेची वस्तू नाही. आघाताच्या अक्षरात एकतर स्वर लांब आणि व्यंजन आखूड, किंवा स्वर आखूड आणि व्यंजन लांब, असा हिशेब असतो. ‘ताक’ म्हणजे छप्पर, ‘ताक्क’ म्हणजे आभार. (आपलं ताक इथे छपरावर चढतं, हे ऐकून पहिल्यांदा प्रत्येक मराठी विद्यार्थी हसतो आणि मग विसरत नाही.)

अक्षर तोडण्याचा जो नियम सिस्टरनी पाठ केला होता, त्यानेही गोंधळ वाढवला होता. ओळीच्या शेवटी साधा शब्द तोडायचा तर दोन स्वरांमधलं एक व्यंजन पुढच्या ओळीवर न्यायचं, असा नॉर्वेजियन लेखनाचा नियम आहे. तो खरा आहे, पण साध्या शब्दांपुरता. सामासिक शब्द आधी पदांच्या सांध्यावर तोडायचा असतो. सिस्टर नियमाचं पहिलं वाक्य घेऊन सगळीकडे फिरत होत्या, त्यामुळे पक्षाघाताचा यॅणे|श्लाग त्यांच्या तोंडी ‘यॅर-नेस-लाग’ व्हायचा.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सहकाऱ्यांनी आधीच दिला होता: सावकाश बोल, प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हण. सल्ला मनापासूनचा होता, आणि फोनवर तोच अंगाशी आला. सगळी अक्षरं सारखी स्पष्ट केली की मुख्य आघात हरवतो, आणि नॉर्वेजियन कान शब्दाची सुरुवात त्या आघातावरून ओळखतो. या भाषेत नुसत्या आघातानेही अर्थ फिरतो. ‘नॉश्कलॅरेर’ असं एका दमात, पहिल्या पदावर जोर देऊन म्हटलं तर नॉर्वेजियन शिकवणारा. ‘नॉश्क लॅरेर’ असं दोन्हींवर जोर देऊन म्हटलं तर स्वतः नॉर्वेजियन असलेला शिक्षक. मी पहिल्या जातीची आहे, दुसऱ्या नाही.

दुसरा पर्याय विभागप्रमुखांनी सुचवला होता, निदान फोनवर इंग्रजी बोलायचं. डॉक्टरांना इंग्रजी येतं, त्यामुळे सोय झाली असती. पण नोंदी नॉर्वेजियनमध्ये, रुग्ण नॉर्वेजियन, परीक्षा नॉर्वेजियन. एकदा ती पळवाट मिळाली की तीच वाट पडते. सिस्टरनीच नको म्हटलं.

तिसरा, लांब शब्द टाळायचे. ‘रक्तदाबमापन’ऐवजी ‘रक्तदाब मोजणं’ अशी फोड नॉर्वेजियनमध्येही करता येते आणि ती व्याकरणाला धरून असते. हा पर्याय आम्ही पूर्ण फेकला नाही. अडलं तर वापरायचा म्हणून बाजूला ठेवला.

चौथ्यावर मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. नॉर्वेजियनमध्ये शब्दाला सूर असतो. ‘शेतकरी’ (अनेकवचनी) आणि ‘घेवड्याच्या बिया’ हे दोन शब्द ध्वनीने सारखे, फक्त सुरावरून वेगळे. उच्चारवर्गात या जोड्या फार आवडीने शिकवतात. पण पूर्वेला जो सूर खालून सुरू होतो तोच पश्चिमेला वरून, आणि बोलण्याचं एकच अधिकृत रूप या देशात नाही. सरकारी वाहिनीवरही माणसं आपापल्या बोलीत बोलतात. सुराची चूक संदर्भाने भरून निघते. सांध्याची चूक निघत नाही. म्हणून सुरांच्या जोड्या नंतर, असं ठरलं. एवढं मात्र पहिल्या दिवसापासून धरलं की एका समासाला एकच सूर आणि एकच मुख्य आघात, मग त्यात पदं दोन असोत की चार.

उरला पाचवा पर्याय: आधी सांधा शोधायचा, मग पहिल्या पदाची लांबी राखायची, मग बाकीचं. तोच घेतला.

काय केलं

सांधा शोधायला शब्दकोश फारसा कामाचा नाही. नॉर्वेजियन माणूस गरज पडेल तसे समास पाडतो आणि सलग लिहितो. विभागातल्या फळ्यावरचे निम्मे शब्द कोशात सापडणार नाहीत. म्हणून कुटुंबाची पद्धत घेतली. एक पहिलं पद धरायचं आणि त्याचे मिळतील तेवढे नातेवाईक एकाखाली एक लिहायचे.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘स’वर. दोन पदं जोडताना मध्ये ‘स’ येतो, तो जोड-स. तो उच्चारात आणि लेखनात नेहमी डाव्या पदाला चिकटतो. पण उजवं पदच ‘स’ने सुरू होत असेल तर? डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. सिस्टरच्या वहीत मग असं झालं: ब्लूत्र्युक्स|मोलिंग, ब्लूत्र्युक्स|फाल (रक्तदाब उतरणं), ब्लूत्र्युक्स|मेदिसीन. तिन्हींत ‘स’ कायम, उजवी पदं वेगळी, म्हणजे ‘स’ डावीकडचा. शेजारच्या पानावर यॅणे|श्लाग, यॅणे|हिन्ने (मेंदूचं आवरण), यॅणे|र्युस्तेल्से (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा). इथे मधे ‘स’ कुणालाच नाही, म्हणजे पक्षाघातातला ‘स’ हा ‘श्लाग’चा, उजवीकडचा. कानालाही खूण मिळते: पूर्व नॉर्वेत अनेक जण ‘ल’च्या आधीचा ‘स’ ‘श’सारखा म्हणतात, पण ‘स’ आणि ‘ल’ एकाच पदातले असतील तेव्हाच तो तसा सहज जुळून येतो.

आणखी एक खूण उपयोगी पडली. पहिलं पद स्वतःच समास असेल तर मोठ्या सांध्यावर जोड-स येण्याची शक्यता वाढते. टेबलाच्या फळीला बूर|प्लाते, मध्ये काही नाही. लिहिण्याच्या टेबलाची फळी झाली की स्क्रीवेबूष|प्लाते, ‘स’ हजर. तीन-चार पदांच्या शब्दात ‘स’ दिसला की तिथे आधी थांबून पाहायचं. रक्तदाबही याच जातीचा: एकट्या ‘दाब’ या पदाला जोड-स लागत नाही, ‘रक्तदाब’ला लागतो. लोर|हाल्स|ब्रुद, म्हणजे तो मांडीच्या हाडाच्या मानेचा मोड, इथे मात्र खूण दिसत नाही, कारण ‘हाल्स’ (मान) स्वतःच ‘स’ने संपतो.

तिहेरी व्यंजनांचं प्रकरण लवकर संपलं. नॉर्वेजियन लेखनात एकच व्यंजन सलग तीनदा लिहीत नाहीत. नात्त (रात्र) आणि तिल्लेग (भत्ता) मिळून तीन ‘त’ व्हायला हवेत, लिहितात दोनच. ओळीच्या शेवटी शब्द तोडला तर तिसरा परत येतो. रात्रपाळीचा भत्ता पगाराच्या चिठ्ठीवर असल्यामुळे हा शब्द सिस्टरना दुसऱ्यांदा समजावून द्यावा लागला नाही.

मग देवनागरीचा प्रश्न. सिस्टरच्या वहीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरी उच्चार होता आणि तो बहुतेक ठिकाणी घात करत होता, कारण त्या स्पेलिंग बघून लिहीत होत्या: न उच्चारला जाणारा ‘द’ही उतरवायचा, आणि ‘त’च्या जागी इंग्रजीच्या सवयीने ‘ट’. हा ‘ट’ महागात पडतो. नॉर्वेजियनमधला साधा ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे. पूर्व नॉर्वेत ‘र’ आणि ‘त’ एकत्र आले की त्यांचा मिळून ‘ट’ होतो. ‘कात्त’ म्हणजे मांजर, ‘काट्ट’ म्हणजे नकाशा. आपल्या तोंडात दोन्ही ध्वनी जन्मापासून आहेत, तरी आपण इंग्रजीच्या धाकाने दोन्हीकडे ‘ट’ लावतो. तसंच ‘र’ आणि ‘न’चा ‘ण’ होतो: मूल म्हणजे ‘बाण’. ‘र’ आणि ‘स’चा ‘ष’. इंग्रज किंवा पोलिश विद्यार्थ्याला जे महिनोन्‌महिने साधत नाही ते मराठी माणसाला फुकटात मिळालेलं असतं.

म्हणून ठरवलं की देवनागरी फक्त या ‘ट’, ‘ण’, ‘ष’साठी वापरायची आणि बाकी सगळीकडून काढून टाकायची. त्याचं सगळ्यात छान फळ मिळालं ते जखमेच्या मलमपट्टीच्या शब्दात. ‘सोर’ म्हणजे जखम, ‘स्तेल’ म्हणजे निगा. सांध्यावर ‘र’ आणि ‘स्त’ भेटतात आणि पूर्व नॉर्वेत त्याचं होतं ‘सोष्टेल’. सिस्टरनी वहीत ‘ष्ट’ लिहिलं, ‘गोष्ट’मधला, ‘कष्ट’मधला, आणि पहिल्याच खेपेला हुबेहूब म्हटलं. एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेला त्र्युक|सोर म्हणतात. तिथे ‘सोर’ दुसरा आहे, त्याचा ‘स’ साधाच राहतो. दोन्ही शब्द लागोपाठ म्हणायला लावले की सांध्याचं काम कानाला कळतं.

सराव उलटा घेतला. आधी शेवटचं पद एकटं, मग पहिलं एकटं त्याच्या पूर्ण लांबीसह, मग दोन्ही, पण दुसरं पद अर्ध्या आवाजात. सिस्टरना हे सुरुवातीला फार नाटकी वाटायचं. “ताई, शेवट गिळल्यासारखा वाटतो.” गिळायचा नव्हताच, नुसता खाली ठेवायचा होता. रेकॉर्डिंग ऐकवल्यावर पटलं.

एक जागा मात्र सांभाळावी लागली. मुख्य आघात पहिल्या पदावर, हे सांगितलं की विद्यार्थी तो पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवतात. ‘मेदिसीन’ हा परका शब्द आहे, त्याचा आघात शेवटच्या ‘सीन’वर. कपाट जोडलं तरी तो तिथेच राहतो: मेदि-सीन-स्काप. काही बोलींत तो पहिल्या अक्षरावर ओढतात, पण सिस्टरनी विभागातल्या लोकांसारखंच म्हणावं असं ठरवलं.

परिणाम

सगळ्यात आधी सुधारलं ते बोलणं नव्हे, ऐकणं. सांधे तोंडात आले तसे कानालाही सापडू लागले. रापॉटमध्ये इतरांचं भरभर बोलणं तुटक ऐकू यायचं ते सलग ऐकू येऊ लागलं. हे मी अपेक्षिलं नव्हतं इतक्या लवकर झालं.

रापॉटमधलं “वा सा दू?” हळूहळू कमी झालं. फोनची परीक्षा थोड्या महिन्यांनी झाली. पुन्हा एक पडण्याची घटना, पुन्हा ११६ ११७, आणि पुन्हा तोच लोरहाल्सब्रुद. पलीकडून प्रश्न आला, “कुठल्या बाजूचा?” सिस्टरनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, कारण समोरच्याचं लक्ष शब्दावरून रुग्णावर गेलं होतं.

पुढच्या तोंडी परीक्षेत बी२ मिळाला. सूर अजून मराठी आहेत आणि ते तसे राहिले तरी कुणाचं बिघडत नाही. घाई झाली, दोन घंटा एकदम वाजल्या, की जुनी सवय उसळते आणि सगळी अक्षरं पुन्हा एका मापाची होतात. अशा वेळी शब्द फोडून सांगायचा तो बाजूला ठेवलेला पर्याय त्या वापरतात, आणि बरोबरच करतात. गावातल्या जुन्या आजोबांची बोली हा वेगळाच विषय. ‘सूल’ म्हणजे सूर्य, आजोबांच्या तोंडी तो जवळजवळ ‘सूड’ होतो. तो जाडा ‘ल’ सिस्टरना ऐकू येतो, म्हणता येतो, पण तसं बोललं की आजोबांना गंमत वाटते. त्या मुद्दाम बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

सहकारी कित्येक महिने न कळताही ‘या, या’ (हो, हो) म्हणत मान डोलावत राहिले. इथल्या माणसांना परक्याला चारचौघांत टोकणं उद्धटपणाचं वाटतं. एखादीने जरी पहिल्या आठवड्यात “हा शब्द असा म्हणतात” एवढं सांगितलं असतं तर फोनची वेळ आली नसती. सिस्टरनीही विचारायला हवं होतं, पण वयाने आणि अनुभवाने लहान मुलींना विचारायचं म्हणजे पुण्यात वॉर्ड चालवलेल्या बाईला सोपं नाही. नॉर्वेत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने आणि ‘दू’ (तू) म्हणून बोलावतात, लहानमोठं काही नसतं, हे माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

विभागाने नव्या माणसाला कामाच्या शब्दांची यादी दिली होती, ही चांगली गोष्ट. यादी वर्णानुक्रमे, अर्थासह, पण सांध्याची एक रेघ नाही. छपाईला एक पैसा जास्त लागला नसता. पहिल्या पदानुसार गट केले असते तर निम्मं काम यादीनेच केलं असतं. भाषेच्या वर्गांतही अक्षर तोडण्याचा नियम लेखनाच्या धड्यात येतो आणि आघाताचा उच्चाराच्या धड्यात, मध्ये कित्येक पानं. सिस्टरच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी शिकवायला हवे होते.

पर्यायांबद्दल एक शंका मला अजून आहे. सुरांच्या जोड्या पुढे ढकलल्या ते म्योसाकाठच्या या विभागासाठी बरोबर ठरलं. बर्गन किंवा स्टाव्हांगरला, जिथे ‘र’ घशातून येतो आणि ‘ट’, ‘ण’, ‘ष’ होतच नाहीत, तिथे देवनागरीचा हा सगळा फायदा हातचा गेला असता आणि कदाचित क्रमही बदलावा लागला असता.

सिस्टर आता परवान्यासाठी लागणारा औषध-हाताळणीचा अभ्यासक्रम करत आहेत. त्याच्या नावातच पुढची अडचण आहे: लेगे|मिद्देल|हॉन्तेरिंग. सांधे त्यांनी स्वतः, रेघ न मारता शोधले. पण ‘हॉन्तेरिंग’मध्ये ‘हॉन’ म्हणजे हात हे ओळखून त्यांनी त्या पदाचा दुय्यम जोर तिथे दिला, आणि तो जातो ‘ते’वर.